गौरीचे हात

भाद्रपदात गौर आणायला निघालेल्या कोकणातल्या बायका तेरड्याची रोपं मुळासकट उपटून घेतात. तिथेच, रानाच्या ओलसर कडेला, करवंदीच्या जाळीवर एक वेल चढलेली असते. सहा पाकळ्या मागे वळलेल्या, कडांना चुण्या, बुडाशी पिवळ्या आणि शेंड्याला लालभडक. कोकणाने तिला नाव दिलं ‘गौरीचे हात’. इतरत्र तीच वाघनखी, अग्निशिखा, कळलावी.

फूल नसतानाही ही वेल ओळखता येते. पानाला देठ नाही, आणि पानाचं टोक सुतासारखं लांबत जाऊन गुंडाळतं. त्याच टोकाने शेजारच्या फांदीला धरून ती वर सरकते. फूल आलं की मधली स्त्रीकेसराची दांडी पाहावी: ती बुडाशीच काटकोनात वळून आडवी जाते. फूल हिरवट-पिवळं उमलतं, मग नारिंगी, शेवटी लाल होतं. म्हणून एकाच वेलीवर तीन रंग दिसतात.

जुनी नावं म्हणजे या वेलीच्या ओळखीचा इतिहासच. कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात ती लांगली. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप लावत, म्हणून कळलावी. आयुर्वेदाने तिला उपविषांत बसवलं ते योग्यच होतं; तिच्यात कोल्चिसिन हे जहाल द्रव्य आहे. पण नावांनी घोळही घातला. पश्चिम भारतात तिला बचनागही म्हणत, आणि खरा बचनाग हिमालयातला, निराळ्याच कुळातला. एका नावाखाली दोन विषं!

छापील ग्रंथात ती लवकर पोचली. कोचीनचा डच अधिकारी हेंद्रिक व्हान ऱ्हीड याच्या ‘होर्टुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाचे 12 खंड 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले; सातव्या खंडात ती ‘मेंदोनी’ या मलबारी नावाने आहे. या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. 1675 साली त्यांनी आपल्या सहभागाबद्दल नागरी लिपीत, कोकणीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. याच कामातल्या इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याइतकंच या तिघांचं नाव आपल्याकडे घेतलं जायला हवं. पुढे 1753 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे शास्त्रीय नाव देताना त्याच ‘मेंदोनी’चा हवाला दिला.

आज ती तमिळनाडूचं राज्यफूल आहे. तिथे औषधी बियांसाठी तिची शेती होते. रानात मात्र कंदासाठी वेली खणून काढल्या जातात, आणि कंद गेला की पुढच्या पावसाळ्यात तिथे काही उगवत नाही.

कंद रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. तेव्हा या पावसाळ्यात वेल भेटली तर मुलांना पानाचं गुंडाळलेलं टोक दाखवा, हात धुवा, आणि कंद जमिनीतच राहू द्या.