कोणाची दीक्षा खरी?

आम्ही इंदूरची मराठी ख्रिस्ती माणसं. इथलं मिशन कॅनडाच्या प्रेस्बिटेरियनांचं, १८७७ पासूनचं. आईचं माहेर अँग्लिकन, त्यामुळे ‘तुमचं चर्च, आमचं चर्च’ हा वाद लग्नकार्यातही निघायचा.

दुखणं जुनं होतं. अँग्लिकन मताप्रमाणे बिशपने डोक्यावर हात ठेवला तरच दीक्षा पुरी. आमच्याकडे तर बिशपच नव्हते! मग आमच्या पाळकांनी आयुष्यभर दिलेलं प्रभुभोजन अपुरं होतं का? तिकडे बॅप्टिस्ट तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानत नसत.

१९२९ साली लखनौला बोलणी सुरू झाली. एक व्हायला ४१ वर्षं लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. तिथे खरं-खोटं ठरवत कोणी बसलं नाही. निरनिराळ्या चर्चच्या सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ज्याच्यात जे उणं, ते देवाने भरावं, असा त्याचा अर्थ. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती चालतील असंही ठरलं.

सगळंच मिटलं नाही. अमेरिकन मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. बेळगाव-बडोद्याकडची बरीच मंडळी त्यांच्यातलीच. गुजरातेत ब्रदरेन चर्चच्या मालमत्तेचा वाद तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

माझ्या मते भेद इथेच आहे. जमिनीसाठी कोर्टात गेलं की एक जिंकतो, एक हरतो. नागपुरात मात्र प्रत्येकाने आपलं डोकं पुढे केलं, म्हणून कोणी हरलं नाही. आज आपल्या मंडळीत कमिटीवरून अबोला धरणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.