कान्हेरीचा कातळ आणि मुंबईचे पाणी



बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रविवारी जाणारा माणूस बिबट्याची चौकशी करतो, कान्हेरीची लेणी पाहतो आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परततो. ज्या कातळावर तो दिवसभर चालला, त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आज मला त्या कातळाविषयी बोलावयाचे आहे. मी भूगर्भशास्त्राचा पदवीधर नव्हे. खडी फोडणाऱ्या कामगारांत संघटनेचे काम करता करता दगडाविषयी वाचीत गेलो, एवढाच माझा अधिकार.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस वाहू लागला. थरावर थर चढत गेले. आपला सह्याद्री त्याच थरांचा बनलेला आहे. मुंबईचे खडक त्या उद्रेकाच्या अखेरच्या पर्वातले, आणि येथे नुसता काळा बेसाल्ट नाही. कान्हेरीच्या टेकडीत ज्वालामुखीने फेकलेले दगडाचे तुकडे राखेत सांधून झालेला खडक आहे. तो कोरता येतो आणि कोरल्यावर टिकतो, याची साक्ष लेणीच देतात.

या डोंगराचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवावयास हवा. अखंड कातळ पाणी पीत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत, झिजलेल्या मुरमात आणि वरच्या मातीच्या पातळ थरात. त्या मातीला झाडांची मुळे धरून ठेवतात. झाडे गेली की माती जाते, आणि माती गेली की पाऊस डोंगरावर थांबत नाही, तो सरळ धावत सुटतो.

हा स्वभाव प्रथम ओळखला तो कान्हेरीच्या भिक्षूंनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे येथे शंभराहून अधिक लेणी खोदली गेली. जागोजाग लेण्यांच्या दाराशी पाण्याचे टाके आहे आणि डोंगरावरचे पाणी त्यात उतरावे म्हणून कातळात पन्हळी खोदल्या आहेत. शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने अशी पोढी दान दिल्याचा लेख आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा, मोठ्या चैत्यगृहाचा लेख. त्यात दात्या व्यापाऱ्यांबरोबर दगड घडवणाऱ्यांचा आणि तो घोटून गुळगुळीत करणाऱ्याचाही उल्लेख आहे. कामगाराची नोंद मालकाच्या शेजारी झाल्याची अशी उदाहरणे इतिहासात थोडी.

पुढे मुंबई वाढली आणि तिची तहानही वाढली. याच डोंगरांत 1860 साली विहार तलाव पुरा झाला आणि 1879 साली तुळशी. आज मुंबईच्या पाण्यात त्यांचा वाटा लहान आहे, पण त्यांचा दुसरा उपकार मोठा आहे. तलावांचे पाणलोट राखावयाचे म्हणून भोवतालचे रान राखले गेले. आज सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जे उद्यान आपण मिरवतो, ते बऱ्याच अंशी नळाच्या पाण्यामुळे वाचले आहे.

मग सिमेंटचा काळ आला. इमारतीला खडी लागते आणि खडीला डोंगर लागतो. उद्यानाच्या कडेने सुरुंग उडू लागले. पहार आणि घण घेऊन तेथे उतरलेली माणसे दुष्काळी मुलखातून आलेली होती. ज्यांनी शहराच्या भिंती उभ्या केल्या त्यांना शहरात भिंत मिळाली नाही, तेव्हा त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी झोपडी बांधली. त्यांची नावे कोणत्याही लेखात कोरलेली नाहीत.

1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. 1995 च्या आरंभापूर्वीचा पुरावा असलेल्यांना दुसरीकडे जागा मिळावयाची होती, पण त्यासाठी 7,000 रुपये भरावयाचे होते. रोजावर जगणाऱ्याला ही रक्कम केवढी, हे येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक आहे. हजारो झोपड्या जमीनदोस्त झाल्या. वारल्यांचे पाडे तर उद्यानाच्याही आधीचे. त्यांनाही आपण येथलेच आहोत हे सिद्ध करीत फिरावे लागले. पुढे लढा देऊन अनेक कुटुंबांना चांदिवलीत घरे मिळाली. चांदिवली हाही एके काळी खडीच्या खाणींचाच भाग. फोडलेल्या डोंगराच्या कुशीतच शेवटी त्यांना आसरा मिळाला.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. त्या वेळी ‘आधी घर, मग झाड’ असे आम्ही सभांतून म्हणत होतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी याच डोंगरांच्या तलावांतून निघते. अरुंद केलेल्या पात्रातून ती वस्त्यांत शिरली, तेव्हा सर्वांत आधी बुडाली ती कुर्ल्याची, कलिन्याची चाळ आणि झोपडी. पाऊस तर कोणाच्या हातात नव्हता. पण डोंगर, नदी आणि खाडी एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे त्या दिवशी मला कळले. झाड आणि घर यांचे वैर आम्ही मानले होते, ते खोटे होते. डोंगर उघडा पडला तर त्याची किंमत प्रथम गरीबच मोजतो.

म्हणून माझे म्हणणे उलट्या बाजूनेही तितकेच खरे आहे. डोंगर राखावयाचा तर तो सर्वांपासून राखावा. झोपडीवर बुलडोझर लगेच येतो. 2024 च्या जुलैत मात्र याच उद्यानाच्या पोटातून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याची पायाभरणी झाली. त्याची एकूण लांबी सुमारे पावणेबारा किलोमीटर आहे. बोगदा नकोच, असे माझे म्हणणे नाही. लोकांचा प्रवासाचा वेळ वाचेल, हेही मी नाकारीत नाही. परंतु ज्या भेगांत डोंगराचे पाणी राहते त्यांचे काय होणार, हा प्रश्न झोपडीवाल्याला विचारला त्याच कठोरपणाने येथेही विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर नागरिकांसमोर मांडले गेले पाहिजे.

पुढच्या रविवारी कान्हेरीला जाल तेव्हा एखाद्या पोढीपाशी क्षणभर थांबा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने डोंगर फोडला, पण त्यात पाणी साठेल असा फोडला. आपणही डोंगराला हात लावणारच आहोत. तो कसा लावावयाचा आणि त्याचा भार कोणावर टाकावयाचा, एवढा विचार आपण करावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.