तबकडी, नाव आणि विस्मृती : ‘यंग इंडिया’पासून पाटोद्यापर्यंत

विस्मृतीत गेलेल्या गायकांचा शोध घेणे हे हौशी संग्राहकांचे काम आहे, असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या बाजारात एखादी तबकडी हाती लागते, तिच्यावरील नाव अपरिचित असते, आवाज मात्र गोड निघतो आणि संग्राहकाला धन्यता वाटते. या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न निराळा आहे. गायक विसरला गेला म्हणजे नेमके काय झाले? त्याचा आवाजच उरला नाही, की आवाज राहिला आणि नाव गेले, की आवाज व नाव दोन्ही राहून त्यांना एका माणसाशी जोडणारा दुवा तुटला? या तीन अवस्था परस्परांहून भिन्न आहेत, आणि त्या एकच मानल्यामुळे मराठी गायनाच्या इतिहासलेखनात बराच घोटाळा झाला आहे.

बीड जिल्ह्यातील पाटोदा येथून पाहिले असता हा भेद विशेष स्पष्ट होतो. बालाघाटच्या माथ्यावरील हे तालुक्याचे ठिकाण. मांजरा नदीचा उगम याच तालुक्यातला. मुंबईत तबकड्यांचा व्यवसाय ऐन भरात होता तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत होता. तो १९४८ साली त्या राज्यातून मुक्त झाला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. मुंबईतील हौशी गायकांचे आवाज मुद्रित होऊन विसरले गेले. पाटोद्यासारख्या मुलखातील आवाज बव्हंशी मुद्रितच झाले नाहीत. दोहोंनाही आपण ‘विस्मृत’ म्हणतो, हीच पहिली चूक.

हिंदुस्थानातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाला. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने पाठविलेले फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या तबकड्यांच्या अखेरीस गायिका स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना कोणती मुद्रिका कोणाची हे कळावे, एवढाच या उच्चाराचा हेतू सांगितला जातो. पुढे १९०८ साली कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला, आणि तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटविण्याची रीत रुळल्यावर गायकाने आपले नाव बोलून दाखविण्याची गरज उरली नाही. सोय झाली खरी, परंतु तिच्याबरोबर एक नुकसानही झाले. जोवर नाव आवाजातच कोरलेले होते तोवर ते आवाजापासून वेगळे करता येत नव्हते. कागदावर आल्यावर ते फाटू, पुसू आणि झिजू लागले.

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला या सनावळीत एक हळहळ लावणारी गोष्ट दिसते. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. ध्वनिमुद्रणाची मोहीम त्यानंतर पुढच्याच वर्षी या देशात आली. भाऊरावांचे नाव आज प्रत्येक नाट्येतिहासात आहे, आवाज मात्र कोठेही नाही. ‘यंग इंडिया’च्या तबकड्यांची कथा याच्या नेमकी उलट आहे.

१९३१ साली ग्रामोफोन कंपनी व कोलंबिया या दोन मोठ्या संस्था विलायतेत एकत्र झाल्या. हिंदुस्थानच्या बाजारपेठेवरील त्यांची पकड यामुळे अधिकच घट्ट झाली. त्याच सुमारास देशी भांडवलावर लहान कंपन्या निघू लागल्या. कलकत्त्यास मेगाफोन व हिंदुस्थान या दोन संस्था निघाल्या, आणि मुंबईत १९३५ साली नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. तिच्या तबकड्यांवरील छाप ‘यंग इंडिया’ असा होता. गांधीजींच्या इंग्रजी साप्ताहिकाचे नावही तेच असल्यामुळे त्या काळच्या ग्राहकाच्या कानाला ते ओळखीचे वाटले असणार. कंपनी १९५५ पर्यंत चालली. या वीस वर्षांत दर मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा हजारांवर तबकड्या तिने काढल्या, अशी नोंद ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दफ्तरांसाठीच्या योजनेत आहे. चित्रपटगीते, सुगम गीते, रागदारी, नाटकांचे संच आणि शैक्षणिक संच, असा तो पसारा होता.

तिचे वैशिष्ट्य मात्र वेगळेच होते. ज्यांचे नाव अद्याप कोणी ऐकलेले नाही अशा हौशी गायकांना ती मुद्रणाची पहिली संधी देत असे. हे औदार्य म्हणायचे की व्यापार? दोन्ही म्हणावे. ज्यांचे नाव झाले होते ते बहुधा मोठ्या कंपनीशी बांधलेले असत आणि त्यांचे मानधन लहान कंपनीला झेपण्याजोगे नसे. तेव्हा नवख्यांकडे वळणे तिला भागच होते. परंतु हेतू कोणताही असो, फळ असे निघाले की जे आवाज मोठ्या कंपनीच्या दारातून परत गेले असते ते येथे लाखेवर उमटले. मराठी भावगीत नुकते आकार घेत होते. जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्या नावांनी आपण तो कालखंड ओळखतो. पण कोणताही गायनप्रकार दोन-चार नावांवर रुजत नाही. त्याच्या मुळाशी शाळांच्या स्नेहसंमेलनांतून, गणेशोत्सवातील मेळ्यांतून आणि घरगुती बैठकींतून गाणारी असंख्य माणसे असतात, आणि त्यांपैकी काहींचा एकमेव पुरावा म्हणजे अशी एखादी तबकडी. तिच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूस सुमारे तीन मिनिटे. एवढेच त्या गायकाचे सारे आयुष्यभराचे मुद्रित गायन असू शकते.

१९५५ साली कंपनी बंद पडली. मोठ्या कंपनीच्या जुन्या तबकड्या पुढे दीर्घफेरी तबकडीवर, मग फितीवर, मग चकतीवर पुन्हापुन्हा निघत राहिल्या, आणि प्रत्येक पुनर्मुद्रणाबरोबर त्या गायकांचे नाव एकेका नव्या पिढीच्या कानावर पडत गेले. ‘यंग इंडिया’च्या मुद्रणांना हे भाग्य लाभले नाही. ती पुन्हा कधीच निघाली नाहीत. तेव्हा मागील काळातील अमुक गायक श्रेष्ठ होता म्हणून टिकला आणि तमुक सामान्य होता म्हणून गेला, हे जे विधान नेहमी केले जाते ते तपासून घेतले पाहिजे. पुष्कळदा टिकली ती कंपनी. गायक तिच्याबरोबर टिकला.

या तबकड्या उरल्या त्या खासगी संग्राहकांपाशी. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक सुरू झाले. या संस्थेतील सुरेश चांदवणकर यांनी पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने ‘यंग इंडिया’च्या तबकड्या, सूचिपत्रे व जाहिराती शोधून त्यांच्या संगणकीय प्रती करण्याचे काम हाती घेतले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : शोध केवळ तबकड्यांचा नव्हता, सूचिपत्रांचाही होता. सूचिपत्राशिवाय तबकडी म्हणजे मुखपृष्ठ हरवलेले पुस्तक. कोणत्या महिन्यात ती निघाली, तिच्या मागेपुढे कोण होते, ती कोणत्या भाषेच्या सदरात घातली होती, हे सारे सूचिपत्रातच सापडते.

आता नावाचा प्रश्न. त्या काळच्या चिठ्ठ्यांवर ‘मिस’, ‘कुमारी’, ‘मास्टर’ ही उपपदे सर्रास येतात, आणि काही ठिकाणी नावापुढे ‘अमॅच्युअर’ हा शब्दही छापलेला आढळतो. पेशाने गाणाऱ्या स्त्रियांपासून आपण निराळ्या आहोत, हे घरंदाज म्हणविणाऱ्या घरांना त्यातून सुचवायचे असे. परंतु ज्या शब्दाने तिची अब्रू राखली त्याच शब्दाने तिचा माग पुसला. ‘कुमारी’ अमुक हिचे पुढे लग्न झाले. महाराष्ट्रातील तत्कालीन रीतीप्रमाणे आडनाव बदलले, अनेक घरांत पाळण्यातले नावही बदलले. तबकडीवरील नावाची स्त्री त्यानंतर कोणत्याही कागदावर सापडत नाही, कारण त्या नावाची स्त्री उरलेलीच नसते. तिच्या नातवंडांना आपल्या आजीची तबकडी निघाली होती हे ठाऊक नसावे, यात नवल ते काय? साथीदारांची स्थिती तर याहूनही वाईट. पेटी, तबला, सारंगी वाजविणाऱ्यांची नावे चिठ्ठीवर बहुधा नसतच.

भाषेच्या अभ्यासकाला या तबकड्यांचा उपयोग होईल काय? होईल, पण सावधपणे. गाण्यातील उच्चार हा बोलण्यातील उच्चार नव्हे. बोलताना ‘घर’ या शब्दातील अंत्य अकार लोपतो. गाताना तो सुरावर लांबविला जातो. मात्र ‘चांदणे’ आणि ‘चिंच’ यांतील दोन चकार आपल्या लिपीत एकच दिसतात, ते तबकडीवर निराळे ऐकू येतात. सन १९४०च्या सुमारास मुंबईतील शिकलेले लोक कोणत्या शब्दात कोणता चकार उच्चारीत, याची साक्ष लिखित साहित्य देऊ शकत नाही. या दृष्टीने पाहता भाषाशास्त्रज्ञाने गीते काही काळ बाजूस ठेवून नाटकांचे आणि शिक्षणाचे संच आधी ऐकावेत. संग्राहक ज्यांना रुक्ष म्हणून मागे टाकतात तेच येथे अधिक मोलाचे ठरतात.

पण या साऱ्या साक्षीत मराठवाडी बोली कितपत सापडेल? बीडकडील माणसाच्या तोंडी सहज येणारे ‘मपलं’, ‘तुपलं’ हे शब्द मुंबईच्या मुद्रणगृहात शिरण्याचा संभव फार थोडा होता. तेथे उभा राहणारा गायक शुद्ध म्हणून शिकविलेली भाषाच घेऊन येई. पाटोद्याच्या परिसरातील गाणे घरोघरी पहाटे जात्यावर चालू होते, आणि त्याला ना कंपनी होती ना चिठ्ठी.

जात्यावरच्या ओव्यांचे संकलन मराठीत जुने आहे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या विषयवार लावून दिल्या; कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या ग्रंथाला ‘अपौरुषेय वाङ्मय’ असे नाव दिले. नाव चतुर आहे, त्यातील श्लेषही मार्मिक आहे. परंतु ‘अपौरुषेय’ म्हणजे कोणा एका व्यक्तीने न रचलेले, हा अर्थ वाचकाच्या मनात असा काही पक्का झाला की ओवी गाणारी बाई ही जणू निव्वळ वाहक आहे, तिचे नाव विचारण्याचे कारण नाही, असे मानले जाऊ लागले.

हा प्रघात मोडला तो पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या कार्याने. दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या त्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदविण्याचा त्यांचा शिरस्ता होता. १९९० नंतरच्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष गायनाचे मुद्रणही झाले. त्यात मराठवाड्यातील गायिका आहेत. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यांपैकीच, आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायिलेल्या डॉ. आंबेडकरांवरील ओव्याही. प्वातवाँ २००४ साली वारले, राईरकर २०१० साली. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ‘यंग इंडिया’च्या तबकडीवर छापील नाव असून माणूस सापडत नाही, येथे वहीतील नाव आणि गाव यांच्या आधारे वीस वर्षांनंतर कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत गेले आणि काही गायिका त्यांना भेटल्या. फरक यंत्राचा नाही, नोंदीचा आहे.

जथ्याने गाणाऱ्यांच्या बाबतीतही हेच दिसते. आंबेडकरी जलसे १९३०च्या दशकात नाशिककडून गावोगाव फिरले. त्यांच्याविषयी आज जे खात्रीने सांगता येते त्याचा मोठा भाग भीमराव कर्डक यांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकामुळे. जलशातल्याच माणसाने लेखणी हाती घेतली नसती, तर त्या मंडळांतील कित्येकांची नावे आज मिळाली नसती.

पाटोदा तालुक्यात असे काम करू इच्छिणाऱ्याने काही व्यावहारिक बाबी आधीच जाणून घ्याव्यात. पिठाची गिरणी आल्यापासून जाते मुके झाले आहे. ओवी ज्यांच्या कंठात आहे त्या बायका वृद्ध आहेत. दुसरे असे की, या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास घरे सोडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. विद्यापीठाच्या सोयीने हिवाळ्यात क्षेत्रकार्यास गेलेल्या विद्यार्थ्याला कित्येक घरांस कुलूप आढळेल, आणि ‘या गावी गायन उरले नाही’ असा शेरा मारून तो परतेल. चैत्रानंतर जावे. १९८०च्या पुढील काळात निघालेल्या भीमगीतांच्या, भारुडांच्या, भजनी मंडळांच्या फितीही घरांतील पेट्यांतून असू शकतात. त्या उष्णतेने व दमटपणाने खराब होतात, म्हणून ओव्यांइतकीच त्यांचीही निकड आहे. फितीच्या डबीवरील कागद फितीपासून वेगळा करू नये. त्यावर हाताने लिहिलेली पेटीवाल्याची, ढोलकीवाल्याची नावे जशी असतील तशी, अशुद्धलेखनासह, उतरून घ्यावीत. गाणाऱ्या बाईचे नाव विचारताना सासरचे व माहेरचे दोन्ही विचारावे, आणि ते तिच्याच तोंडून, मुद्रण चालू असताना, घ्यावे.