सैतान : देवाच्या दरबारातला फिर्यादी

ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मपरंपरांत दुष्टाव्याचे मूर्त रूप मानली गेलेली शक्ती म्हणजे सैतान. शिंगे, शेपूट, खूर आणि हातात काटा हे त्याचे आज पोराबाळांनाही ओळखू येणारे ध्यान फार उशिरा घडले. प्रकटीकरणाच्या पुस्तकातला सात डोक्यांचा तांबडा अजगर सोडला, तर बायबलमध्ये त्याच्या रूपाचे वर्णन जवळपास नाहीच. शिवाय तो देवाचा शत्रू म्हणून जन्माला आलेला नाही. सुरुवातीला तो देवाच्याच पदरी होता.

हिब्रू भाषेत ‘सातान’ म्हणजे आडवा येणारा, विरोधक. हे कुणा एकाचे नाव नव्हते. दावीद ऐन लढाईत आपल्यावरच उलटेल अशी भीती पलिष्टी सरदारांना वाटते, तेव्हा ते त्याच्यासाठी हाच शब्द वापरतात. बलाम या भविष्यवेत्त्याच्या वाटेत तलवार उपसून उभा राहणारा देवदूतही ‘सातान’च आहे, आणि त्याला तर देवानेच धाडले आहे. ईयोबाच्या कथेत हा शब्द पदासारखा येतो. देवाचा दरबार भरला आहे आणि पृथ्वीवर फेरफटका मारून आलेला हा अधिकारी शंका काढतो : ईयोब भक्ती करतो खरी, पण सगळे काही भरभरून मिळाले आहे म्हणून तर नव्हे? त्याला परीक्षा घेण्याची परवानगी मिळते आणि कुठवर जायचे याची मर्यादाही आखून दिली जाते. जखऱ्याच्या दृष्टान्तात तो प्रमुख याजकाच्या उजव्या हाताला आरोप करायला उभा आहे. थोडक्यात, तो सरकारी वकील आहे.

वकिलाचा वैरी कसा झाला, हे एकाच प्रसंगाच्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की दिसते. दावीद राजाने प्रजेची शिरगणती केली, ते पाप ठरले आणि साथीत सत्तर हजार माणसे मेली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीदला गणती करायला खुद्द रागावलेला देवच उद्युक्त करतो. ज्यूंच्या बॅबिलोनमधील बंदिवासानंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात हीच कथा पुन्हा येते. साथ तीच, मृतांचा आकडा तोच, मात्र चिथावणी देणारा आता सैतान आहे. आधी स्वतःच भरीला घालायचे आणि मग शिक्षाही करायची, हे काम देवाला शोभत नाही असे नंतरच्या लेखकाला वाटले असावे. दोष ठेवायला दुसरे कुणीतरी हवे होते. सैतानाच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचे बीज याच गरजेत आहे.

इ.स.पू. 539 मध्ये इराणच्या कुरुश राजाने बॅबिलोन जिंकले आणि ज्यूंचा संबंध इराणी जगाशी आला. जरथुष्ट्राच्या गाथांमध्ये दोन जुळ्या प्रवृत्ती सांगितल्या आहेत : एकीने सत् निवडले, दुसरीने असत्. यातून पुढे अहुर मज्दाच्या विरोधात उभा ठाकणारा अंग्र मैन्यू, म्हणजेच अहरिमन, साकारला. त्याची कितपत छाप ज्यू कल्पनांवर पडली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अहरिमन मात्र आपल्या शेजारीच नांदतो. मुंबईतील पारशी कुस्ती, म्हणजे कमरेचा पवित्र धागा, बांधताना प्रार्थनेत त्याचे नाव आले की कुस्तीची टोके झटकून त्याला पिटाळतात.

हनोखचे पुस्तक या प्राचीन ज्यू ग्रंथात दुष्टाव्याचे वेगळेच मूळ सांगितले आहे. दोनशे देवदूत मानवी स्त्रियांवर भाळून हर्मोन डोंगरावर उतरतात. त्यांतला अझाझेल पुरुषांना तलवारी घडवायला आणि बायकांना दागिने व काजळ वापरायला शिकवतो. शस्त्र आणि शृंगार एकाच पापाच्या खात्यावर मांडणारा हा लेखक पुरुषच असणार, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हा ग्रंथ इथिओपियाच्या चर्चने पवित्र मानला, इतर बहुतेकांनी बाजूला ठेवला. पतित देवदूतांची कल्पना मात्र सर्वत्र राहिली.

ख्रिस्ती धर्मात हे सगळे धागे एकत्र आले. शुभवर्तमानांत सैतान येशूला अरण्यात चाळीस दिवस मोहात पाडू पाहतो. एदेन बागेतल्या सापाला उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेही सैतान म्हटलेले नाही. प्रकटीकरणात मात्र ‘तो जुना साप’ म्हणजेच सैतान, असे सांगून टाकले आहे. लूसिफरचे प्रकरण याहून गमतीचे. यशयाने बॅबिलोनच्या राजाचा उपहास करताना त्याला आकाशातून पडलेला प्रभाततारा म्हटले. जेरोमने लॅटिन भाषांतरात शुक्रतारा या अर्थाचा ‘लूसिफर’ हा नेहमीचा शब्द योजला, आणि भाष्यकारांनी ते पतित सैतानाचे नाव ठरवले. चौथ्या शतकात सार्डिनियात लूसिफर नावाचा एक कट्टर सनातनी बिशप होऊन गेला. त्याच्या नावात कुणाला काही वावगे दिसले नव्हते.

इटलीत राव्हेन्ना येथील सहाव्या शतकातल्या एका मोझेइक चित्रात ख्रिस्ताच्या एका बाजूला मेंढरे व तांबडा देवदूत आणि दुसऱ्या बाजूला शेरडे व निळा देवदूत आहे. हा निळा तरुण म्हणजे सैतानाचे सर्वांत जुने चित्र, असे अनेक कलाभ्यासक मानतात. त्याला ना शिंगे, ना शेपूट. चेहराही सौम्य आहे. मध्ययुगात त्याला पशूचे अवयव फुटले. दान्तेने त्याला तीन तोंडांचा राक्षस करून नरकाच्या तळाशी बर्फात गाडले, तर 1667 मध्ये मिल्टनने त्याला असे वक्तृत्व दिले की वाचकाला त्याचीच बाजू पटू लागावी.

कुराणातला सैतान म्हणजे इब्लीस आदमला सजदा करायला नकार देतो : आपण आगीपासून घडलो, हा तर मातीचा. त्याचे पाप अहंकाराचे आहे. तो देवाशी बरोबरी करत नाही, कयामतपर्यंत मुदत मागून घेतो आणि माणसांच्या मनात कुजबुजत राहतो. हजयात्रेत मिना येथे यात्रेकरू त्याच्या प्रतीकाला खडे मारतात. गर्दीतले अपघात टाळण्यासाठी तिथल्या जुन्या खांबांच्या जागी 2004 नंतर लांब भिंती उभारण्यात आल्या. बगदादमध्ये 922 साली देहदंड भोगलेल्या हल्लाज या सूफीने मात्र वेगळीच बाजू मांडली : एका ईश्वराखेरीज कुणापुढेही न वाकणारा इब्लीस हा खरा एकेश्वरवादी.

भारतीय परंपरेत सैतानाची जागा रिकामीच आहे. असुर तप करतात, वर मिळवतात, त्यांचे देवांशी नातेही लागते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बुद्धावर चालून आलेला मार दिसतो; पण बौद्ध मतात सृष्टिकर्ता देवच नसल्याने त्याचा प्रतिस्पर्धी असण्याचा प्रश्न येत नाही. गोव्यात तर एकाच नावाचे दोन अर्थ झाले : गावच्या शिवेची राखण करणारा हिंदूंचा देवचार ख्रिस्ती कोंकणीत सैतान ठरला.

दुसऱ्याचा राखणदार हा आपला सैतान ठरवण्याची किंमत इतिहासात अनेकांनी मोजली. सैतानाशी करार केल्याच्या आरोपाखाली युरोपात चेटकीण ठरवून मारलेल्यांची संख्या इतिहासकार चाळीस ते साठ हजारांच्या घरात मानतात. उत्तर इराकमधील यझिदी ज्या मयूररूपी देवदूताला पूजतात, त्याला शेजाऱ्यांनी इब्लीस मानले आणि त्यांच्यावर सैतानपूजक असा शिक्का मारला. ऑगस्ट 2014 मध्ये इस्लामिक स्टेटने सिंजारवर हल्ला करून हजारो यझिदींना ठार केले आणि हजारो बायका-मुलांना गुलाम केले. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने याला वंशसंहार म्हटले.