मुरलेले लोखंड : बीएमडब्ल्यूचे टर्बो इंजिन आणि १९८३चे विश्वविजेतेपद

धागा मोटारींचा आहे, पण प्रश्न इतिहासाचा आहे : जुने काय ठेवायचे आणि नवे काय घालायचे, हे कोण आणि कशावरून ठरवतो?

१५ ऑक्टोबर १९८३. दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी. फॉर्म्युला वन हंगामाची अखेरची शर्यत. गुणतक्त्यात आघाडीवर असलेल्या अ‍ॅलन प्रॉस्टच्या रेनॉचा टर्बो निकामी झाला आणि तो बाद झाला. ब्राझीलचा नेल्सन पिके तिसरा आला. तेवढे त्याला पुरले. ५९ विरुद्ध ५७ गुण. टर्बोचार्जर बसवलेल्या गाडीतून विश्वविजेता ठरलेला तो पहिला चालक.

त्याच्या ब्रॅबम गाडीत बीएमडब्ल्यूचे चार सिलिंडरांचे एम१२/१३ इंजिन होते. त्याचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि मूळ आराखडा साध्या कौटुंबिक मोटारीचा होता. अ‍ॅलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांनी रचलेले एम१० इंजिन १९६२ मध्ये ‘बीएमडब्ल्यू १५००’ या गाडीतून रस्त्यावर आले. क्षमता १,४९९ सीसी, शक्ती ८० अश्वशक्ती. वीस वर्षांनी शर्यतीतील इंजिनाची क्षमताही १,४९९ सीसीच होती. मात्र शक्ती ६०० अश्वशक्तीच्या पुढे गेली होती.

आता थोडे यंत्रशास्त्र. त्याशिवाय पुढची गोष्ट उलगडणार नाही.

बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचे एक चाक फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून दाब व उष्णता जास्त. इंजिन झिजलेले असेल तर हा दाब त्याचे प्रत्येक वैगुण्य उघडे पाडतो. सैल रिंगांमधून वायू खाली क्रँककेसमध्ये घुसतो, तेल वर ज्वलनकक्षात चढते, आणि तेलमिश्रित इंधन अवेळी पेटून ठोके देऊ लागते. त्या ठोक्यांनी पिस्टनला भोक पडते. म्हणूनच कोणताही जाणता मिस्त्री टर्बो बसवण्याआधी सिलिंडरचा दाब मोजतो, आणि तो कमी भरला तर इंजिन उतरवून बोअरिंग, रिंगा, बेअरिंगा असे सगळे काम काढतो.

बीएमडब्ल्यूला हा धडा सर्किटवर येण्याआधीच ठाऊक होता. १९७३ मध्ये त्यांनी याच एम१० घराण्यातील दोन लिटरच्या इंजिनावर टर्बो चढवून ‘२००२ टर्बो’ बाजारात आणली, तेव्हा संपीडन गुणोत्तर मुद्दाम ६.९ पर्यंत खाली आणले. शक्ती १७० अश्वशक्ती झाली. त्याच शरद ऋतूत तेलसंकट कोसळले आणि अवघ्या १,६७२ गाड्या बनवून प्रकरण मिटले. (दैव म्हणावे तर ते इतके वक्तशीर क्वचितच असते.)

मग शर्यतीसाठी नवेकोरे, कारखान्यातून ताजे आलेले ब्लॉक घेणे हेच शहाणपणाचे नव्हते का?

इथेच पॉल रोशे यांचे नाव येते. म्युनिकमधील या अभियंत्याच्या चमूबद्दलची हकीकत प्रसिद्ध आहे : त्यांनी एक लाख किलोमीटर धावलेल्या गाड्यांमधील जुने ब्लॉक निवडले. कारण ओतकामात दडलेले आहे. वितळलेले लोखंड साच्यात थंड होते तेव्हा पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग नंतर. त्या ओढाताणीचे ताण धातूच्या पोटात राहून जातात. असा ब्लॉक छिलून, बोअर करून प्रचंड दाबाखाली ठेवला की तो किंचित वाकतो. बोअरची गोलाई बिघडते, रिंगांची पकड सुटते. याउलट वर्षानुवर्षे तापून-निवून झालेल्या ब्लॉकमधील ताण बरेचसे निवळलेले असतात. जुन्या काळी लेथ बनवणारे कारखानेही ओतीव पाया अंगणात ऊन-पाऊस खात ठेवत आणि मगच अंतिम छिलाई करीत. लोणच्यासारखेच, मुरल्याशिवाय उपयोगाचे नाही.

अंगणात पडलेल्या या ब्लॉकांवर कामगार लघवी करीत आणि त्याने लोखंड अधिक कसदार होई, अशीही एक कथा रंगवून सांगितली जाते. माझ्या मते तो कार्यशाळेतील विनोद आहे. भट्टीत तापवून ताण काढण्याची पद्धत तेव्हाही सर्वज्ञात होती. पण धाग्यांमध्ये नेमकी हीच ओळ सर्वाधिक फिरते, आणि मुख्य मुद्दा मागे पडतो.

मुख्य मुद्दा असा, की रोशे यांनी ‘जुने इंजिन’ वापरले नाही. त्यांनी जुना ब्लॉक वापरला. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, सोळा व्हॉल्व्हचे हेड हे सारे शर्यतीसाठी नव्याने घडवलेले होते. बोअर ८९.२ मिलिमीटर, स्ट्रोक ६०. मूळ १५०० मध्ये हेच आकडे ८२ आणि ७१ होते. झीज आणि मुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच यंत्रात त्या शेजारी शेजारी घडतात. जे घासून घासून झिजते ते फेकायचे; जे तापून स्थिर होते ते राखायचे.

तरीही यश सहज आले नाही. जून १९८२ मध्ये डेट्रॉइटला पिके पात्रतासुद्धा मिळवू शकला नाही. ज्याने आदल्या वर्षीचे विश्वविजेतेपद जिंकले होते तो प्रेक्षक बनला. एका आठवड्याने मॉन्ट्रिऑलला त्याच इंजिनाने त्याने शर्यत जिंकली, बीएमडब्ल्यूची फॉर्म्युला वनमधील पहिली. या सात दिवसांवर खरे तर स्वतंत्र धागा व्हावा.

१९८६ पर्यंत पात्रता फेरीत या इंजिनाची शक्ती इतकी वाढली की ती मोजणेच अशक्य झाले. रोशे यांच्या शक्तिमापक यंत्राची मर्यादा सुमारे १,२८० अश्वशक्तीची होती. त्यापुढचा १,४०० चा आकडा हा त्यांचा अंदाज. पुस्तकांत तो मोजमाप म्हणून छापला जातो, तेव्हा वाचताना सावध राहावे.

१९८९ पासून टर्बोंवर बंदी आली. १९८८ च्या अखेरच्या हंगामात हे इंजिन अ‍ॅरोज संघाच्या गाडीत, ‘मेगाट्रॉन’ अशा परक्या नावाने धावत होते. रस्त्यावरील एम१० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले.