दोन बिऱ्हाडें, एक चूल

ठाण्याचें नांव निघालें कीं इतिहासकारास १८५३ सालची आगगाडी आठवते. आम्हांस त्याच लोहमार्गावरील एका हौशी वर्गाविषयीं लिहावयाचें आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथून मुंबईस जावें, लॅमिंग्टन रोडवर व्हॉल्व्ह, ट्रान्स्फॉर्मर, कंडेन्सर पारखून घ्यावे आणि घरीं डाख देऊन स्वतःचा ध्वनिवर्धक उभा करावा, असा हा छंद. मर्फी रेडिओचा कारखाना ठाण्यांतच होता. तेव्हां व्हॉल्व्ह ही वस्तु या गांवास परकी नव्हती.

दोन कानांसाठीं दोन ध्वनिमार्ग, ही कल्पना मात्र इंग्लंडांतून आली. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्यांमुळें आपल्या परिचयाची झालेली कंपनी १९३१ मध्यें दुसऱ्या एका कंपनीशीं मिळून ई. एम. आय. झाली. तेथील अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यानें त्याच वर्षीं डिसेंबरांत पेटंटसाठीं अर्ज केला. एकाच खांचेच्या दोन भिंतींवर डावा व उजवा ध्वनि कोरण्याची युक्ति त्यांत होती. ७ जून १९४२ रोजीं रडारची चांचणी चालू असतां विमान कोसळून तो वारला. वय अवघें ३८. तशा तबकड्या बाजारांत आल्या त्या १९५८ सालीं.

ही विभक्तता डेसिबलांत मोजतात. २० डेसिबल म्हणजे एका बाजूच्या विद्युद्दाबाचा दशांश दुसरीकडे झिरपला. ४० म्हणजे शतांश. तबकडीवरील पिकअपच सहसा २५-३० च्या पलीकडे जात नाहीं. म्हणजे ध्वनिवर्धकानें ४० राखले तरी पुष्कळ झालें. तेवढेही घरगुती यंत्रांत कां राहूं नयेत?

याचें कारण काटकसर होय. भाऊ वेगळे निघतात, पण चूल एकच ठेवतात, त्यांतला हा प्रकार. दोन्ही मार्गांस वीज पुरविणारा ट्रान्स्फॉर्मर एक. डावीकडे तबल्याची थाप पडली कीं सामाईक दाब हलतो आणि तें हलणें उजवीकडे ऐकूं येतें. यास उपाय म्हणजे प्रत्येक मार्गास निराळा रोध व निराळा कंडेन्सर. खर्च थोडा, गुण मोठा. ईसीसी ८३ या व्हॉल्व्हच्या एकाच कांचेंत दोन व्हॉल्व्ह नांदतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, असा मोह कोणास होणार नाहीं? परंतु दोहोंमधील सूक्ष्म धारकतेंतून वरच्या पट्टीचे स्वर पलीकडे जातात. संबंध व्हॉल्व्ह एकाच बाजूस द्यावा हें बरें. आवाजाच्या बटणाकडे जाणाऱ्या तारा शेजारून नेल्या तरी हेंच होतें. आमच्या मतें खरा गुन्हेगार मात्र जमिनीची तार. दोन्ही बाजूंचा परतीचा प्रवाह एकाच बारीक तारेंतून नेला कीं बाकीची सारी मेहनत फुकट जाते, आणि ही तार कोणी तपासीत नाहीं!

असो. एवढा खटाटोप करून आपल्या घरीं लावावयाचें काय? बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या एकाच ध्वनिमार्गाच्या. त्यांत सुई आडवी हलते. दोन्ही बाजूंस तोच स्वर येतो. खांचेच्या वरखालीं हालण्यानें होणारी खरखर मात्र दोन्हीकडे परस्परविरुद्ध उमटते. दोन मार्ग राखले तर ती तशीच राहते. ते जोडले तर ती पुष्कळशी आपोआप मिटते आणि गाणें उरतें. म्हणून जाणत्या कारागिराच्या यंत्रांत, एवढ्या कष्टानें वेगळे केलेले मार्ग पुनः एक करणारी एक खटकी असते, आणि जुन्या तबकड्या ऐकणाऱ्या घरांत तीच अधिक वेळां दाबली जाते.