सेंट अँड्र्यूजची काटकसरी गोल्फयात्रा

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान गोल्फचे माहेरघर मानले जाते. तरी ते सार्वजनिक आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. सहल कंपन्या तेथील निश्चित वेळेसाठी भरभक्कम रक्कम आकारतात. स्वतंत्र प्रवाशाला मात्र सोडतीचा मार्ग खुला आहे. दोन ते चार जणांनी खेळाच्या दोन दिवस आधी नावे नोंदवावीत. क्रमांक लागला, तरच ग्रीन फी भरावी लागते. एकट्या खेळाडूसाठी आदल्या दिवशी वेगळी सोडत असते. तिची नोंदणी तेथे जाऊनच करावी लागते. हँडिकॅपचे प्रमाणपत्र जवळ असावेच.

पहिल्याच दिवशी नाव लागेल, असा भरवसा धरू नये; मुक्काम चार-पाच दिवसांचा ठेवावा. त्यात रविवार मोजू नये. त्या दिवशी खेळ बंद असतो आणि गावकरी मैदानावर फेरफटका मारतात! दरम्यान ईडन वा स्ट्रॅथटायरम या शेजारच्या मैदानांवर कितीतरी कमी खर्चात खेळता येते. हिवाळ्यात ओल्ड कोर्सचेही दर उतरतात; पण हिरवळ जपण्यासाठी चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो.

एडिनबरोहून रेल्वेने ल्यूकर्स गाठावे, पुढे बस मिळते. शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही. ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा आधीच काढावा.